भाव पडलेल्या सालात लग्नाचे फोटो: धंद्याचं गणित

मंदीत लग्नं थांबत नाहीत. मराठवाड्यात २०१२, २०१४, २०१५ असे दुष्काळ पडले, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही अक्षता पडल्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली ती तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. एप्रिल २०२१ मध्ये तर सरकारनं पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली. लोकांनी तेवढ्यात लग्नं उरकली आणि उरलेल्या वऱ्हाडानं ती घरबसल्या मोबाईलवर लाईव्ह पाहिली.

मग फोटोग्राफर अडचणीत का येतो? ऑर्डरी कमी झाल्या, असं कुणीही सांगेल. वही उघडून बसलं की चित्र जरा निराळं दिसतं. ऑर्डरींचा आकडा थोडा खाली येतो खरा, पण जास्त मार बसतो तो एका ऑर्डरीमागं हातात काय उरतं त्याला, आणि ते कधी हातात येतं त्याला. मंदीत धंदा टिकवायचा म्हणजे या दोन गोष्टी धरून ठेवायच्या. त्या कशा, ते आकडे मांडून पाहू.

पैसा आडतीवरून निघतो

पुण्यातल्या लग्नाचा पैसा बराचसा पगारातून आणि बचतीतून येतो. आपल्याकडे जालना, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवच्या तालुक्यांत तो आडतीवरून निघतो. ज्याचं शेत नाही त्याचंही तसंच. कापड दुकानदार, कृषी केंद्रवाला, जीपवाला, सगळ्यांचा गल्ला शेवटी पट्टीवर, म्हणजे शेतमाल विकून आडत्याकडून येणाऱ्या पैशावर चालतो. छत्रपती संभाजीनगरात वाळूजच्या कारखान्यांमुळे गणित थोडं वेगळं आहे, पण तिथल्या कामगाराचंही गावाकडं रान असतंच.

सोयाबीन ऑक्टोबरात निघतं. कापसाची वेचणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चालते, त्यामागून तूर आणि मग हरभरा. बीडचे ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात ते साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात परततात. म्हणून त्या घरांतली लग्नं उन्हाळ्यातच निघतात. याचा फोटोग्राफरला फायदा असा, की ऑक्टोबरात बाजार समितीत जो भाव निघतो त्याचा परिणाम लग्नमंडपात एप्रिल-मेमध्ये दिसतो. सहा महिने आधी इशारा मिळालेला असतो, वाचणारे थोडे.

२०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या घरात गेलं होतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात बऱ्याच ठिकाणी त्याच्याही खाली बोली लागत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनं उभं पीक पाण्यात गेलं. अशा साली दिवाळीनंतर जो फोटोग्राफर नवा गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) आणि ड्रोन हप्त्यावर उचलतो, त्याला पुढचा उन्हाळा जड जाणार हे ठरलेलं असतं.

दुसरा आकडा सोन्याचा. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव एक लाखाला टेकला आणि त्यानंतर आणखी वर गेला. याचा फोटोशी काय संबंध? मुलीच्या बापानं बोलीत जेवढं सोनं कबूल केलेलं असतं ते तोळ्यात असतं, रुपयांत नसतं. भाव वाढला तरी तोळे तेवढेच घालावे लागतात. जेवणही कापता येत नाही, पंगत कमी पडली तर दहा वर्षं ऐकावं लागतं. बस्ता, मानपान, कार्यालय, आचारी हे सगळं झाल्यावर जे उरतं त्यात बँड, मांडवाची सजावट आणि फोटो. म्हणजे सोनं महागलं की कात्री लागते ती या शेवटच्या तिघांना.

त्यातही कात्री कुठं लागते ते नीट पाहायला हवं. आधी प्री-वेडिंग जातं. मग एलईडी वॉल, ड्रोन, दुसरा अल्बम. हळद आणि लग्न एकाच दिवशी उरकायचं ठरतं. नकळत टिपलेले फोटो काढणारा कॅन्डिडवाला वेगळा नको म्हणतात. पण स्टेजवर एकेका पाहुण्यासोबतचा आहेराचा फोटो कुणी कापत नाही. कोण आलं होतं, कोण नव्हतं याची ती घराची नोंद असते. त्याच फोटोला हल्लीची पोरं ‘ट्रॅडिशनल’ म्हणून नाक मुरडतात, आणि माझ्या मते तिथंच चुकतात. पडत्या सालात पोट त्याच फोटोवर चालतं.

भाव कमी करायचा की काम?

आता वही उघडू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा, तालुक्याच्या गावात एक स्टुडिओ आहे. दुकानाचं भाडं महिना ६,०००, म्हणजे वर्षाला ७२,०००. वीज, नेट, फोन, सॉफ्टवेअर मिळून ३६,०००. एक कायमचा पोरगा महिना १०,००० वर, म्हणजे १,२०,०००. कॅमेरा, लेन्स, लाईट, कॉम्प्युटर असा ४,८०,००० चा सेट चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला १,२०,००० चा घसारा, म्हणजे सामान जुनं होत जाताना उतरणारी किंमत. एवढा खर्च एकही लग्न मिळालं नाही तरी होणारच. हा झाला बसल्या जागचा खर्च, ३,४८,०००. त्यात स्वतःच्या घरखर्चाचे महिना २०,००० घातले की ५,८८,००० होतात. घरखर्च यात धरत नाहीत ते लोक वर्षाअखेरीस ‘धंदा तर झाला, पैसे गेले कुठं’ असं विचारत बसतात.

आता एक ऑर्डर. हळद आणि लग्न, ४५,००० रुपये. बाहेरून बोलावलेल्या फोटो-व्हिडिओवाल्यांना ९,०००, अल्बमच्या शीट, कव्हर, बॉक्स यांना ७,०००, मिक्सिंगला (व्हिडिओच्या एडिटिंगला) ४,०००, गाडी-पेट्रोल २,०००, पेनड्राईव्ह आणि किरकोळ १,०००. एकूण २३,०००. हातात उरतात २२,०००. वर्षाचे ५,८८,००० भरून काढायला अशा २७ ऑर्डरी लागतात. साधारण गावातला बरा फोटोग्राफर एवढं करतो.

मंदी आली. मुलीचे वडील म्हणतात, “भाऊ, औंदा सोयाबीनचं काय झालं ते तुम्ही बघितलंच. पस्तीस-छत्तीसात करा.” आणि आपण म्हणतो, “बरं मामा, छत्तीस द्या.” काम तेच ठेवलं, फक्त भाव उतरवला. वीस टक्केच तर कमी केले, असं वाटतं. पण खर्चाचे २३,००० तसेच राहिले, हातात उरले १३,०००. आता ५,८८,००० भरायला ४६ लग्नं लागतात. वीस टक्के सूट दिली आणि काम सत्तर टक्क्यांनी वाढलं. ४६ लग्नांना तिथी तरी कुठून आणायच्या?

तीच मागणी दुसऱ्या तऱ्हेनं ऐकू. “मामा, छत्तीसात करतो. हळदीला मी एकटाच येईन, अल्बम तीसऐवजी वीस शीटचा देईन, व्हिडिओ तीन तासांचा न ठेवता दीड तासाचा करू.” बाहेरच्या माणसाचे ३,००० वाचले, शीटचे २,०००, मिक्सिंगचे २,०००. खर्च १६,००० वर आला, हातात २०,००० उरले. लागणारी लग्नं ३०. सत्तावीसच्या जागी तीस, हे जमण्यासारखं आहे.

दोन्हीकडं गिऱ्हाईक ३६,००० च देतंय. त्याचं समाधानही फारसं कमी होत नाही, कारण तीन तासांचा व्हिडिओ घरात कितीजण बसून बघतात हे आपल्याला माहीत आहे. पण एका फोटोग्राफरला वर्षात ४६ लग्नं करावी लागतात, दुसऱ्याला ३०.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: शेजारच्या गावातला पोरगा पंधरा हजारात सगळं करतो, त्याचं काय? मंदीत अशी पोरं वाढतात. नोकरी नाही, रानात काही नाही, हप्त्यावर कॅमेरा मिळतो. त्याला पंधरा हजार परवडतात असं त्याला वाटतं, कारण तो बाहेरच्या माणसाचे आणि पेट्रोलचे पैसे मोजतो, घसारा मोजत नाही. नुसत्या डिझेलवर नांगरटीचा भाव ठरवणारा ट्रॅक्टरवाला जसा टायर बदलायची वेळ आल्यावर जागा होतो, तसंच. वरच्या हिशेबात वर्षाला ४० दिवस काम धरलं तर घसारा दिवसाला ३,००० पडतो. हा पैसा खिशातून जाताना दिसत नाही, कॅमेऱ्याचं शटर गेल्यावर एकदम दिसतो. अशा पोराशी भावात स्पर्धा करू नये. त्यापेक्षा मोठ्या तिथीला त्यालाच रोजावर बोलवावं. त्याला काम मिळतं, आपल्याला माणूस.

मोठी तिथ स्वस्तात विकू नये

फोटोग्राफर फोटो विकतो असं वाटतं, पण त्याच्याकडं विकायला असतात तिथी. मोठ्या तिथीला तालुक्यात शंभर लग्नं असतात आणि एक माणूस एकाच मांडवात उभा राहू शकतो. फेब्रुवारीत घाबरून अक्षय्य तृतीयेची तारीख पंचवीस हजारात देऊन टाकली, की एप्रिलमध्ये चाळीस हजारांचं गिऱ्हाईक दारातून परत जातं. त्या तारखेचे पंधरा हजार कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत, पण ते गेलेले असतात. त्या दिवशी बाहेरच्या माणसांचा रोजही चढतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

म्हणून सूट द्यायचीच तर ती आडतारखेला, साखरपुड्याला, रिसेप्शनला द्यावी. मोठ्या तिथीचा एक किमान भाव ठरवावा आणि महिनाभर आधीपर्यंत त्याखाली उतरू नये. मंदीत लोक उशिरा ठरवतात, पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबतात. त्यामुळे मार्चमध्ये डायरी रिकामी दिसली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. एप्रिलचा दुसरा आठवडाही रिकामा दिसला तर मात्र भाव उतरवावा.

पंचांगही धंद्याच्या वहीसोबत ठेवावं. २०२४ मध्ये मे-जूनला गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मुख्य मुहूर्तच नव्हते, कितीतरी जणांचा अर्धा उन्हाळा तसाच गेला. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच आला, त्यामुळे कुणाला जाणवलाही नाही. २०२६ साली मात्र अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, ऐन सराईत. अशा वर्षी लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतात. तिथी कमी म्हणजे एकेक तिथ महाग. अशा साली मंदीतही मोठ्या तिथीचा भाव टिकवता येतो.

उधारी

आता जो भाग सगळ्यात जास्त धंदे बुडवतो.

लग्नात बाकी सगळ्यांचे पैसे वेळेवर निघतात. आचारी भांडी उचलायच्या आधी हिशेब मागतो. कार्यालयवाला चावी देण्याआधीच घेतो. बँडवाला वरात थांबवून घेतो, त्याच्याशी त्या वेळी कुणी वाद घालत नाही. फोटोग्राफरचं काम मात्र लग्नानंतर सुरू होतं. तोपर्यंत घरातला पैसा संपलेला असतो आणि घाईही संपलेली असते. “कापसाची पट्टी आली की देतो” हे वाक्य खोटं नसतं. पट्टी येते, पण तिच्यावर आधी कृषी केंद्रवाला, मग सावकार, मग पीककर्ज देणारी गावची सोसायटी असा नंबर असतो.

वरच्या उदाहरणातल्या ३० ऑर्डरींवर प्रत्येकी नुसते ५,००० अडकले तरी १,५०,००० होतात. एका ऑर्डरीत २०,००० उरतात, म्हणजे साडेसात लग्नं फुकट केली. आणि बँकेचा हप्ता तर दर महिन्याच्या पाच तारखेलाच जातो. नफा कागदावर असतो, खात्यात पैसे नसतात. मंदीत दुकानं बंद पडतात ती बहुधा इथं.

उपाय रांग बदलण्याचा आहे. इसार तारीख धरताना, मोठा हप्ता हळदीच्या आधी, आणि थोडी बाकी शेवटी. ४०-५०-१० टक्के किंवा ३०-६०-१० टक्के, जसं जमेल तसं. हळदीच्या आदल्या दिवशी पैसे मागायला लाज वाटते, हे मान्य. पण त्या दिवशी घरात पैसे असतात, आठ दिवसांनी नसतात. ज्याची पट्टी फेब्रुवारीत येणार आहे आणि लग्न मेमध्ये आहे, त्याच्याकडून फेब्रुवारीतच अर्धे घ्यावेत. त्यालाही ते बरं पडतं.

शेवटची बाकी अल्बमला बांधू नये. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण इथं बरेच अनुभवी लोकही अडकतात. अल्बमसाठी फोटो निवडायला पेनड्राईव्ह दिला की तो सासर-माहेर असा फिरत राहतो. नवरी पुण्याला गेली, तिच्या भावाला वेळ नाही, आत्याचा फोटो राहिला. निवड होत नाही, म्हणून अल्बम होत नाही, म्हणून बाकी येत नाही. दिवाळी उजाडते. त्यापेक्षा पंधरा दिवसांची मुदत आधीच सांगावी: त्यात निवडले नाहीत तर फोटोग्राफर स्वतः निवडेल, आणि बाकी अमुक तारखेला, अल्बम झाला असो वा नसो. शीट लॅबला टाकायच्या त्या मधला हप्ता जमा झाल्यावरच, त्याआधी स्वतःच्या खिशातून सात हजार घालू नयेत.

हे सगळं व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवावं आणि समोरच्याकडून ‘ठीक आहे’ घ्यावं. तारीख, गाव, किती माणसं, किती शीट, हप्ते, लग्न पुढं ढकललं तर इसाराचं काय. मंदीत लग्नं पुढं ढकलली जातात, म्हणून शेवटची ओळ जास्त महत्त्वाची. तारीख बदलली तर इसार नव्या तारखेला वळता होईल, मोडली तर परत नाही, असा नियम बहुतेकांना पटतो. घरात कुणी गेलं म्हणून लग्न थांबलं असेल तर नियम बाजूला ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

काहीजण पैसे येईपर्यंत फोटोच अडवून ठेवतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. त्यामुळे अडवणुकीची बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. याच कारणानं गिऱ्हाइकाचे फोटो जाहिरातीसाठी इन्स्टावर टाकण्याआधीही विचारलेलं बरं.

उधारीची एक बाजू आपल्याच हातात असते. घर बघितलं की अंदाज येतो. कर्ज काढून लग्न चाललंय हे दिसत असताना सत्तर हजारांचं पॅकेज गळ्यात मारणारे लोक मी पाहिलेत. मला ते पटत नाही, आणि हिशेबातही बसत नाही. त्या सत्तरातले तीस बुडतात. तीस हजारांचं नेटकं काम केलं असतं तर सगळे आले असते आणि पुढच्या पोरीच्या लग्नालाही त्याच घरानं बोलावलं असतं.

कर्ज, ड्रोन आणि आषाढ

नवं सामान घ्यायचं का? मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोरमध्ये पाच लाखांपर्यंत, तरुणमध्ये दहा लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. मिळू शकतं म्हणून घ्यावं असं नाही. धंदा वर्षातले पाच-सहा महिने, हप्ता बाराही महिने. सोपी कसोटी ही, की ती वस्तू वर्षात दहापेक्षा कमी लग्नांत लागणार असेल तर भाड्यानं आणावी. संभाजीनगर, नांदेड, लातूरला लेन्स आणि लाईट दिवसाच्या भाड्यानं मिळतात. ड्रोनबाबत आणखी एक: २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैशांच्या कामासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते असलेल्या माणसाला त्या दिवसापुरतं बोलावणं स्वस्त पडतं.

जीएसटीची धास्ती लहान स्टुडिओनं घेऊ नये. सेवांसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. वरच्या उदाहरणातला स्टुडिओ त्या रेषेपासून बराच दूर आहे.

चातुर्मासात डोहाळजेवण, बारसं, जावळ, शाळांचे ओळखपत्राचे फोटो ही कामं येतात. रक्कम लहान, पण रोख असते आणि दुकानाचं भाडं निघतं. निवडणुका लागल्या तर व्हिडिओ चित्रीकरणाचं सरकारी काम निघतं. त्याचे पैसे पक्के, पण उशिरा, म्हणून त्या भरवशावर हप्ता धरू नये. आणि कॅमेऱ्याची जुनी बॉडी विकून काढायची असेल तर ती आषाढात काढू नये. तेव्हा सगळेच विकायला बसलेले असतात. दिवाळी झाल्यावर, सराईच्या तोंडावर नवी पोरं कॅमेरा शोधत फिरतात, त्याच बॉडीला तेव्हा चार पैसे जास्त मिळतात.